बँक नाही, मालकालाच हप्ते देऊन फ्लॅट घ्यायचाय? आधी नाव लावून घ्या, मग हप्ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये टू बीएचके रीसेल फ्लॅट, बिल्डिंग वीसेक वर्षांची, भाव ४२ लाख. विचारणाऱ्यांचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, रिटर्न कमी भरलेत म्हणून बँक लोन देत नाही. मालक म्हणतोय १२ लाख आत्ता द्या आणि चावी घ्या, उरलेले ३० लाख ५ वर्षांत हप्त्याने द्या, वर ९ टक्के व्याज, सगळं फिटलं की खरेदीखत करून देतो, तोवर नोटरी करून ठेवू. आणि मेव्हणे म्हणतायत की नोटरीवर सरकारी शिक्का असतो, काही होत नाही.

मी बावीस वर्षं दस्ताचीच वकिली करतेय, अर्धं आयुष्य दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकड्यावर गेलंय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पहिलं म्हणजे मालकाला हप्ते देऊन घर घेणं यात बेकायदा काहीच नाही. उलट मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे त्यात कलम ५४ मध्येच विक्रीची व्याख्या अशी आहे की किंमत दिलेली असेल, द्यायचं कबूल केलेली असेल, किंवा थोडी दिलेली आणि थोडी कबूल केलेली असेल तरी ती विक्रीच. म्हणजे पैसे पूर्ण फिटल्याशिवाय खरेदीखत होतच नाही हे जे सगळीकडे सांगतात ते खरं नाही. पण त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय की नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क तयार होत नाही. आता तुमचा व्यवहार बघा. १२ लाख गेले, वर ६० हप्ते गेले, घरात तुम्ही राहताय, रंग तुम्ही दिलाय, मुलांच्या शाळेत पत्ता हाच आहे, आणि कायद्याच्या नजरेत मालक कोण? तोच. पाच वर्षं तोच. त्या पाच वर्षांत त्याचं जे काही होईल, कर्ज, कोर्टकचेरी, भाऊबंदकी, मृत्यू, ते सगळं तुमच्या घरावर येणार.

म्हणून माझं म्हणणं असं की व्यवहार उलटा करा. खरेदीखत आज करा, फ्लॅट तुमच्या नावावर आज होऊ दे, आणि उरलेल्या ३० लाखासाठी तोच फ्लॅट मालकाकडे रजिस्टर गहाणखताने गहाण ठेवा. बँक तरी दुसरं काय करते. घर तुमच्या नावावर, बोजा बँकेचा. इथे बँकेच्या जागी मालक.

मालक लगेच नाही म्हणेल, आणि त्याचं कारण समजून घ्या कारण त्याची भीती खोटी नाहीये. खरेदीखत झालं आणि तुम्ही हप्ते थांबवले तर त्याला खरेदीखत रद्द करून मिळत नाही. २०२० मध्ये गुजरातच्या एका जमिनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की रजिस्टर खरेदीखत झालं असेल तर बाकी पैसे मिळाले नाहीत एवढ्यावरून विक्री रद्द होत नाही, पैशासाठी दावा लावा. त्याच्या वकिलाने हे त्याला सांगितलेलं असतं. पण वकील बरेचदा दुसरा अर्धा भाग सांगत नाही. तो असा की त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतोच, आणि वर गहाणखत रजिस्टर करून दिलं तर तो बोजा इंडेक्स टू मध्ये, म्हणजे निबंधक कार्यालयाच्या दस्तनोंदीच्या उताऱ्यात, दिसतो, त्यामुळे त्याचे पैसे फेडल्याशिवाय तुम्ही तो फ्लॅट सुखाने कोणालाच विकू शकत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक रिटायर काका आले होते विकणारे म्हणून, ते हेच म्हणत होते की मॅडम, नाव दिलं की माझ्या हातात काय राहिलं. मी त्यांना विचारलं, काका, आज साठेखत, म्हणजे नुसता विक्रीचा करार, करून त्याला चावी दिली आणि तो हप्ते द्यायचा थांबला तर त्याला बाहेर कसा काढणार? दावाच लावणार ना? मग दावा लावायचाच असेल तर हातात गहाणखत असलेलं बरं, की नुसतं साठेखत? काका दोन दिवस विचार करून आले आणि तयार झाले. प्रत्येक जण होतो असं नाही, दहातले तीन-चार होतात. पण विचारायला काय जातं.

विकणाऱ्याची दुसरी भीती टॅक्सची असते. खरेदीखत आज केलं की पूर्ण ४२ लाखावरचा कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, याच वर्षात धरला जाणार, पैसे मात्र पाच वर्षांत येणार. ही अडचण खरी आहे. पण रजिस्टर साठेखत करून ताबा दिला तरी आयकरात ती विक्री धरली जाऊ शकते हे त्यांना माहीत नसतं, त्यामुळे साठेखत करून टॅक्स पाच वर्षं पुढे ढकलला असं काही होत नाही. त्यांना त्यांच्या सीएकडे पाठवा, तुम्ही त्यात पडू नका.

एक सावधगिरी. गहाणखताच्या नावाखाली कोणी मुदत खरेदी किंवा परत खरेदीची अट असलेला कागद पुढे केला तर सही करू नका. साधं गहाणखत हवं, ताबा तुमच्याकडे, पैसे फिटले की मालकाने गहाणमुक्तीचा दस्त रजिस्टर करून द्यायचा, आणि तो किती दिवसांत द्यायचा हे आजच लिहायचं. मी ३० दिवस लिहिते.

आता समजा मालक काही केल्या ऐकत नाही, खरेदीखत शेवटीच म्हणतो. तर मग साठेखत, पण रजिस्टर. नोटरी नाही. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. तो कागद सरकारच्या कुठल्याच रेकॉर्डला लागत नाही. उद्या मालकाने तोच फ्लॅट दुसऱ्याला रजिस्टर करून दिला तर तो दुसरा म्हणणार मला काय माहीत, मी इंडेक्स टू काढला होता, त्यात काहीच नव्हतं. आणि कोर्ट त्याचं ऐकतं, कारण ज्याने प्रामाणिकपणे, पैसे मोजून, आधीच्या कराराची माहिती नसताना घेतलं त्याच्याविरुद्ध तुमचा करार चालत नाही. रजिस्टर साठेखत असलं की त्याला "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही, रजिस्टर दस्त म्हणजे सगळ्या जगाला नोटीस असं कायदाच मानतो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू दे.

रजिस्टर केल्याचे अजून दोन फायदे आहेत जे फारसं कोणी सांगत नाही. एक, ताबा घेतलेल्या माणसाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं संरक्षण आहे, म्हणजे लेखी करार आहे, ताबा घेतलाय, तुम्ही तुमचा भाग पाळायला तयार आहात, तर मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. पण २००१ च्या दुरुस्तीपासून हे संरक्षण फक्त रजिस्टर कराराला आहे. आणि लक्षात ठेवा ती ढाल आहे, तलवार नाही, तिच्या जोरावर तुम्ही मालक होत नाही. दुसरा फायदा, मालकाच्या कोणा सावकाराने किंवा पार्टनरने त्याच्यावर दावा लावून फ्लॅटवर जप्ती आणली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मध्ये २००२ ला सोय झालीय की जप्तीच्या आधी रजिस्टर झालेल्या करारानुसार पुढे जे खरेदीखत होईल ते त्या जप्तीने बाद होत नाही. नोटरीवाल्याला यातलं काहीच नाही.

खर्चाचं रडगाणं येणारच. ताबा देऊन केलेलं साठेखत महाराष्ट्रात मुद्रांकासाठी खरेदीखतच धरलं जातं, म्हणजे पूर्ण ड्युटी आत्ताच भरायची, रजिस्ट्रेशन फी किमतीच्या १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. पण ही ड्युटी वाया जात नाही, शेवटच्या खरेदीखतात ती वळती होते. ती वाचवायला लोक काय करतात तर साठेखतात ताबा दिला असं लिहितच नाहीत, आणि चावी तोंडी घेतात. मग कोर्टात गेल्यावर ताबा कुठल्या कागदाने घेतला ते सांगता येत नाही. कमी मुद्रांकाचा कागद कोर्ट पुराव्यात घेत नाही, आधी उरलेली ड्युटी आणि वर महिन्याला २ टक्क्यांनी दंड भरा मग बोला. आणि सही केल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदवायला न्यायचा असतो, "दिवाळीनंतर करू" मध्ये कित्येकांचे ४ महिने गेलेले मी पाहिलेत.

कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) घर "विकत" घेण्याचा उद्योग अजूनही चालतो. २०११ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की मुखत्यारपत्र अधिक करार अधिक मृत्युपत्र असा गठ्ठा केला तरी मालकी येत नाही. साठेखताच्या जोडीला मुखत्यारपत्र घ्यायला हरकत नाही, म्हणजे मालक पुढे परदेशात गेला तरी तुमचं अडणार नाही, पण साठेखताऐवजी नको.

इथे मला थांबून एक प्रश्न तुम्हाला विचारायचाय. मालक हप्त्याने का देतोय? बाजारात ४२ लाख एकरकमी देणारे लोनवाले गिऱ्हाईक मिळत असताना हा पाच वर्षं का थांबतोय? कधी कधी उत्तर साधं असतं, त्याला महिन्याला पेन्शनसारखी रक्कम हवी असते, किंवा भाव थोडा जास्त मिळतोय. पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कारण असं असतं की या फ्लॅटवर कुठलीच बँक कोणालाच लोन देत नाही. म्हणजे दोष तुमच्या रिटर्नमध्ये नाही, फ्लॅटमध्ये आहे. भोगवटा प्रमाणपत्र नाही, वरचा मजला मंजूर नकाशात नाही, शेअर सर्टिफिकेट अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि दोन बहिणींच्या सह्या नाहीत, खालची जमीन वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे आणि परवानगी घेतलेली नाही. बँक हे सगळं स्वतःच तपासून "नाही" म्हणते, तुमच्याकडे बँक नाही म्हणून तो तपास तुम्हाला पैसे देऊन करावा लागेल. ३० वर्षांचा सर्च वकिलाकडून लेखी रिपोर्टसह घ्या, पेपरात १४ दिवसांची जाहीर नोटीस द्या, सोसायटीकडून मालकाच्या नावे थकबाकी नसल्याचं आणि शेअर सर्टिफिकेट गहाण नसल्याचं पत्र घ्या. मी एक छोटी युक्ती सांगते क्लायंटना: बिल्डिंगमध्ये जाऊन दोन बिऱ्हाडांना विचारा तुमचं लोन कुठल्या बँकेचं आहे. कोणाचंच लोन नसेल तर समजून जा.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट, मालकाचंच जुनं लोन. तीनेक वर्षांपूर्वी एक शिक्षिका ताई आणि त्यांचे मिस्टर माझ्याकडे आले, हातात दाराला चिकटवलेला कागद होता, अर्धा फाटलेला, कारण खरवडून काढला होता. बँकेची ताब्याची नोटीस. यांनी २६ महिने एकही हप्ता न चुकवता मालकाच्या खात्यात पैसे भरले होते, सगळ्या पावत्या फाईलमध्ये ओळीने लावलेल्या. मालकाने मात्र स्वतःच्या लोनचा हप्ता वर्षभर भरलाच नव्हता. त्याला ६० दिवसांची मागणी नोटीस आधीच येऊन गेली होती, पण ती गेली त्याच्या नव्या पत्त्यावर, यांना पत्ताच नाही. साठेखत होतं, रजिस्टर पण होतं, पण बँकेचं गहाण त्याच्या आधीचं, आधी बँक. शेवटी ताईंनी दागिने मोडून आणि भावाकडून घेऊन ९ लाखाच्या वर रक्कम बँकेत भरली तेव्हा घर वाचलं, मालकाविरुद्धचा वसुलीचा दावा अजून चालू आहे. साठेखतात "सदर मालमत्तेवर कोणताही बोजा नाही" असं छापील वाक्य होतं. असतंच ते प्रत्येक साठेखतात.

म्हणून इंडेक्स टू सर्च करताना बँकेची गहाणाची सूचना नोंदलीय का ते बघा, महाराष्ट्रात २०१३ पासून मालमत्तेचे मूळ कागद तारण ठेवून दिलेल्या कर्जाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणं बंधनकारक आहे. सरसाई (CERSAI, तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) च्या वेबसाईटवर पण थोडी फी भरून मालमत्तेवर बँकेचं कर्ज आहे का ते बघता येतं, ती नोंदणी २०११ पासून आहे. आणि सगळ्यात साधी परीक्षा, मालकाला म्हणा मूळ खरेदीखत आणि मूळ शेअर सर्टिफिकेट दाखवा, झेरॉक्स नको, मूळ. "बँकेच्या लॉकरमध्ये आहे" म्हणाला तर म्हणायचं चला, मी येतो बरोबर.

लोन निघालंच तर व्यवहार सोडायलाच पाहिजे असं नाही. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या आणि तुमच्या १२ लाखातला तेवढा चेक थेट त्या लोन खात्याच्या नावाने काढा, लोन बंद झाल्याचा दाखला आणि मूळ कागद हातात आले की मगच बाकीचे पैसे. लोन १२ लाखापेक्षा मोठं असेल तर बँकेची लेखी संमती आणि हप्ता मालकाला न देता लोन खात्यात, दुसरा मार्ग मला तरी मान्य नाही.

व्याजाचं बघू. "९ टक्के" ऐकून तुम्हाला बँकेएवढंच वाटलं असेल. मालकाने मांडलेला हिशोब असा असणार: ३० लाखाचे ९ टक्के २ लाख ७० हजार, गुणिले ५ वर्षं, साडेतेरा लाख, एकूण साडेत्रेचाळीस, भागिले ६०, हप्ता ७२,५००. याला फ्लॅट रेट म्हणतात, म्हणजे शेवटच्या वर्षी तुमच्याकडे जेमतेम ७-८ लाख मुद्दल उरलेलं असताना पण व्याज पूर्ण ३० लाखावर चाललेलं असतं. बँकेसारखं घटत्या शिल्लकीवर ९ टक्के धरलं तर हप्ता ६२,२७५ च्या आसपास येतो आणि एकूण व्याज साधारण ७ लाख ३७ हजार. म्हणजे एका शब्दाच्या फरकाने ६ लाखाच्या वर जास्त, तुम्ही खरं तर १५ टक्क्यांच्या वर व्याज देताय. कागदावर "घटत्या शिल्लकीवर" हे शब्द पाहिजेत आणि दस्ताला ६० ओळींचा तक्ता जोडलेला पाहिजे, तारीख, हप्ता, त्यात मुद्दल किती व्याज किती, शिल्लक किती. तक्ता दस्ताचाच भाग, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. आणि कधीही बाकी रक्कम एकरकमी भरायची मुभा, दंडाशिवाय. ही मुभा तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे, कारण तुम्ही दोन-तीन वर्षं रिटर्न नीट भरलेत की बँक लोन द्यायला तयार होईल, तेव्हा मालकाला मोकळं करून बँकेकडे जाता आलं पाहिजे.

जुन्या कर पद्धतीत असाल तर मालकाला दिलेल्या या व्याजाची सूट मिळू शकते, मुद्दल फेडल्याची मात्र नाही. त्यासाठी मालकाकडून पॅनसकट व्याजाचा दाखला लागतो, आणि तो द्यायला मालक कुरकुरतो कारण मग ते व्याज त्याच्या उत्पन्नात दिसतं. हे पण आधीच बोलून घ्या.

रोख. तुम्ही लिहिलंय की मालकाला ५ लाख "वरचे" रोख हवेत. नका देऊ. घरव्यवहाराचा ॲडव्हान्स २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. तुम्हाला वाटेल दंड त्याला, मला काय. पण उद्या भांडण झालं तर ते ५ लाख दिल्याचं सिद्ध कोण करणार? वर एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दाव्यात कोणी २ लाख किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवायचं. म्हणजे तुम्ही तुमचेच पैसे मागायला गेलात की आधी तुम्हालाच विचारणार, आणले कुठून. टीडीएसचं म्हणाल तर किंमत किंवा रेडीरेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत यातलं काहीही ५० लाख किंवा वर असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून भरायचा असतो, तुमचा करार ४२ चा असला तरी रेडीरेकनर काढून बघा. मालक एनआरआय असेल तर ही मर्यादाच नाही आणि दर पण वेगळा, तेव्हा सरळ सीए गाठा.

आता कागदातलं ते एक कलम, ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त भांडते. मालकाच्या बाजूच्या मसुद्यात हमखास असं वाक्य असतं (लिहून घेणार म्हणजे तुम्ही, लिहून देणार म्हणजे मालक): "लिहून घेणार यांनी कोणताही एक हप्ता मुदतीत न भरल्यास सदरचा करार आपोआप रद्द समजण्यात येईल व तोपर्यंत दिलेली संपूर्ण रक्कम लिहून देणार यांच्याकडे जप्त होईल." वाचा परत. ५९ हप्ते भरले, साठावा धंद्यात पेमेंट अडकल्याने दहा दिवस उशिरा, आणि सगळं गेलं. करार कायद्याचं कलम ७४ आहे, कोर्ट असली सरसकट जप्ती मान्य करेलच असं नाही, वाजवी नुकसानभरपाई एवढंच देतं, पण ते कोर्टात सात-आठ वर्षं काढल्यावर. त्यापेक्षा आत्ताच बदला. मी असं लिहिते: "हप्ता देय तारखेपासून १५ दिवसांत न मिळाल्यास लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस स्पीड पोस्टाने ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी. सदर मुदतीत थकीत हप्ता व्याजासह भरल्यास करार पूर्ववत चालू राहील. सलग तीन हप्ते थकल्यासच करार रद्द करण्याचा अधिकार राहील व तशा वेळी लिहून देणार यांनी एकूण किमतीच्या ५ टक्के वजा जाता उर्वरित रक्कम परत केल्यावरच ताबा मागता येईल." ५ टक्के हा आकडा घासाघिशीचा आहे, मालक १० म्हणेल, ठीक आहे, पण "परत केल्यावरच" हे शब्द सोडू नका.

आणि साठेखताच्या दिवशीच कोरा किंवा आधी सही केलेला रद्दलेख (करार रद्द केल्याचा दस्त) मागतात काही जण, "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून. रजिस्टर साठेखत मालक एकटा रद्द करू शकत नाही, तुमची सही लागते, म्हणून तो आधीच सही घेऊन ठेवतोय. उठून घरी यायचं.

तारखेचंही बघा. खरेदीखत करून द्या म्हणून दावा लावायला कराराच्या ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं मिळतात, तारीखच ठरलेली नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं. म्हणून "सर्व रक्कम फिटल्यावर" एवढंच मोघम लिहू नका, शेवटच्या हप्त्यानंतर ४५ दिवसांच्या आत असं लिहा. आणि प्रत्येक हप्ता वेळेवर भरल्याचा पुरावा ठेवा, कारण कोर्टात तुम्हाला सिद्ध करावं लागतं की मी पहिल्यापासून माझा भाग पाळायला तयार होतो.

मालक पाच वर्षांत गेला तर? करार वारसांवर बंधनकारक राहतो, पण वारस पाच, त्यातला एक अमेरिकेत, एक बोलत नाही, हप्ता द्यायचा कोणाला. म्हणून आजच बायको आणि सज्ञान मुलांच्या संमतीच्या सह्या दस्तावर घ्या, आणि मालकाच्या पश्चात हप्ता कुठल्या खात्यात जमा करायचा ते लिहून ठेवा. तुमच्या बाजूने ३० लाखाचा टर्म इन्शुरन्स काढा, लोनवाल्याला बँक बरेचदा काढायला लावते, तुम्हाला कोणी सांगणार नाही.

बिल्डिंग वीस वर्षांची आहे म्हणालात, मग रिडेव्हलपमेंटचं कलम पाहिजेच. सोसायटीच्या दप्तरी मेंबर मालक आहे, बिल्डर करार त्याच्याशी करणार, जास्तीचा एरिया, भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) सगळं त्याच्या नावाने येणार. साठेखतात लिहा की ते सगळे फायदे तुमचे, त्याने तुमच्या लेखी संमतीशिवाय सही करायची नाही. हे कलम घालायला मी पंधरा वर्षांपूर्वी विसरले होते एका क्लायंटच्या दस्तात, अजून भेटले की आठवण करून देतात.

शेवटचं, ६० कोरे चेक. मालकाने मागितलेत असं तुम्ही लिहिलंय. नका देऊ, आणि कोरे तर अजिबातच नाही. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो, आणि उद्या मालकाने कागद दाखवायला टाळाटाळ केली म्हणून तुम्ही हप्ता रोखलात आणि त्याने चेक टाकला तर तुमच्यावर चेक बाउन्सची फौजदारी केस, मूळ भांडण कोणाचं होतं ते बाजूलाच. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, ठरलेल्या तारखेला आपोआप जाईल आणि पासबुकात ओळ राहील. फारच अडून बसला तर एका वेळी ६ चेक, पुढच्या तारखा आणि रक्कम भरलेले, नंबर दस्तात किंवा दोघांच्या सहीच्या पत्रात लिहिलेले, आणि ते वटले की पुढचे ६.